शंभराच्या बॉन्डवर गुंठा मिळत नाही, फौजीला तर नाहीच

‘फौजी बांधवांनो, सुट्टीतच गुंठा बुक करा’ हा मेसेज बेळगावजवळच्या हिंडलगा, येळ्ळूर, सांबरा असा फिरत फिरत जम्मूत असलेल्या पुतण्यापर्यंत पोचला आणि तो टोकन द्यायला तयार झाला. मेसेज म्हणतो: बॉन्डवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर, नोटरी केली की प्लॉट आपला, खरेदी नंतर, रिंगरोड झाला की भाव दुप्पट, पीएफ काढून एकरकमी भरा, शेतकरी नसलात तरी चालतं, आणि फौजीवर कोर्टात दावा चालत नाही.

बॉन्डवर मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०११ ला सूरज लॅम्प प्रकरणात स्वच्छ सांगितलंय: साठेकरार, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र यांच्या जोरावर जमीन विकत घेतली असं होत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. ‘खरेदी होईल हो, घाई काय?’ ती का होत नाही ते बघा. उताऱ्यावर मूळ मालकाचं नाव, जमीन शेतीचीच, त्यावर चुन्याची फक्की मारून ३३ बाय ३३ फुटांचे गुंठे पाडलेले. सर्व्हे नंबरातला तुकडा नोंदवायला ११ई, म्हणजे तुकड्याच्या मोजणीचा, नकाशा लागतो. घराचा प्लॉट म्हणून विकायचा तर आधी एनए (बिगरशेती परवानगी) आणि बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा, मंजूर लेआउट. त्यात रस्ते आणि मोकळी जागा सोडली की एकरात ४० प्लॉट बसतच नाहीत. पैसे मात्र ४० जणांचे घेतलेले! मंजुरी आणली तर त्यातल्या कितीतरी जणांना परत पाठवावं लागेल, मग एजंट ती आणेल कशाला?

पीएफचा सल्लाही यातूनच आलाय. असल्या कागदावर बँक कर्ज देत नाही, म्हणून तुमच्या एएफपीपीवर, म्हणजे फौजेतल्या पीएफवर, डोळा. तिथे एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के व्याज मिळतंय.

रिंगरोड प्लॉटच्या शेजारून जाणार हे ठरवलं कुणी? वरूनच गेला तर? महामार्ग कायद्याची ३डी, म्हणजे भूसंपादनाची, अधिसूचना निघाली की जमीन केंद्र सरकारची होते, आणि भरपाईसाठी बघतात उताऱ्यावरचं नाव. बॉन्डवाल्यानं मूळ मालकाच्या दारात बसायचं.

शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, हे मात्र खरं. त्याला आडवी येणारी जमीन सुधारणा कायद्याची ७९ए, ७९बी ही कलमं २०२० मध्ये गेली. पण ती कर्नाटकात. हाच मेसेज घेऊन चंदगडात जमीन बघायला जाऊ नका, तिथे महाराष्ट्राचा कायदा. आणि जमीन मुळात अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारनं दिलेली असेल, तर अशा जमिनींचं हस्तांतर रोखणाऱ्या १९७८ च्या पीटीसीएल कायद्यानं परवानगीशिवायची विक्री टिकत नाही. जुने फेरफार त्यासाठीच काढायचे.

कोर्टाचं म्हणाल तर १९२५ चा सैनिक दावे कायदा आहे खरा. विशेष परिस्थितीत ड्युटीवर असलेल्या जवानाचा दावा त्यानं थांबतो. तारीख पुढे जाते इतकंच, प्लॉट नावावर होत नाही.

एजंटाला सुट्टी कधी संपते ते ठाऊक असतं, म्हणून घाई त्याचीच. टोकनआधी सर्व्हे नंबर मागा. सरकारच्या भूमी पोर्टलवर उतारा, नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ईसी (बोजाचा दाखला), ग्रामपंचायत हद्द असेल तर ई-स्वत्तू या पंचायतीच्या मालमत्ता पोर्टलचा नमुना ९ आणि ११ए, आणि नंबर रस्त्याच्या अधिसूचनेत आहे का ते. सुट्टीत हे उरकलं नाही तर बायकोच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून जा, पण नोटरीकडे नको, उपनिबंधकासमोर करा.