प्राडाला विचारलं, तेच आपल्या दुकानदारालाही विचारा

व्हँकूवरमधल्या संग्रहालयांच्या दुकानांत तान्ह्या मुलांसाठी आंघोळीची खेळणी मिळतात. पाण्यात सोडायचा ओर्का (काळा-पांढरा देवमासा), सामन मासा, बेडूक. त्यांच्या अंगावर इथल्या पॅसिफिक किनाऱ्याच्या आदिवासी शैलीतली नक्षी असते: जाड होत जाणारी, पुन्हा निमुळती होणारी काळी रेघ आणि लंबगोल डोळे. वस्तू साधी, साच्यातून निघालेली. पण वेष्टणावर चित्रकाराचं नाव छापलेलं असतं आणि नावासोबत त्याचं राष्ट्रही, म्हणजे तो ज्या आदिवासी समाजाचा तो समाज: हैदा, सिमशियान, कोस्ट सेलिश. काही कंपन्या विक्रीतला वाटाही चित्रकाराला देतात. मी लेकीला खेळणं दिलं की आधी ते नाव वाचून दाखवते.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारखी चप्पल आणली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्र खवळला. इथे परदेशात आम्हीही खवळलो. तो राग रास्तच होता, आणि त्याला फळही आलं: प्राडाने उगम मान्य केला, डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. मग माझा प्रश्न असा, की वारलीच्या बाबतीत आपण इतके गप्प का?

पुण्या-मुंबईच्या दुकानांत वारलीची माणसं कपांवर, कुर्त्यांवर, चादरींवर नाचताना दिसतात. सोसायटीच्या भिंतींवर, शाळांच्या फाटकांवरही दिसतात. कुणी काढली ते कुठेच लिहिलेलं नसतं. वारलीला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यासाठी डहाणूच्या आदिवासी तरुणांच्या संघटनेने खटपट केली. त्या मानांकनामुळे वारली हे नाव समाजाकडे राहतं, पण चित्र काढणाऱ्या बाईचं किंवा पोराचं नाव वस्तूवर येईलच असं नाही. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते नाव निदान आपल्याला ठाऊक आहे. दुसरं नाव सांगा म्हटलं तर बहुतेकांना आठवत नाही.

कॅनडा या बाबतीत सोवळा आहे असं मुळीच नाही. याच देशाने १८८५ ते १९५१ पॉटलॅचवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या आदिवासींच्या भेटी वाटण्याच्या समारंभावर, बंदी घातली होती, मुखवटे जप्त केले होते. आजही पर्यटकांच्या दुकानांत नकली टोटेम खांब (कुळाची चिन्हं कोरलेले लाकडी खांब) सर्रास विकले जातात. आदिवासी कला म्हणून खोटा माल विकणं हा अमेरिकेत १९९०च्या कायद्याने गुन्हा आहे. कॅनडात तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणजे खेळण्यावरचं ते नाव सरकारने आणलेलं नाही. चित्रकार त्यासाठी अडून बसले आणि गिऱ्हाईक विचारू लागलं, म्हणून ते आलं.

आणि सगळंच विकायचं नसतं, हेही इथे शिकण्यासारखं आहे. काही चिन्हं कुळाची असतात, ती मिरवण्याचा हक्क वारशाने येतो. बाहेरच्याने ती उचलायची नसतात. आपल्याकडे वारली घरांत सवाशिणी भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, म्हणजे लग्नाचं चित्र काढतात, त्यात पालघट देवी असते. ती देवी पायपुसण्यावर छापायची की नाही, हे वारली समाजाने ठरवावं. मला स्वतःला ती तिथे बघवणार नाही. तारपा या फुंकवाद्यावरचा नाच मात्र बाळाच्या खेळण्यावर आला तर मला आनंदच होईल, अट एवढीच, की काढणाऱ्याचं आणि त्याच्या पाड्याचं नाव त्यावर असावं आणि पैसे त्याच्या हाती पडावेत.

परदेशातली मराठी मंडळं दिवाळीच्या भेटीसाठी भारतातून वारली पिशव्या, पणत्या घाऊक मागवतात. ऑर्डर देताना चित्र कुणाचं आहे आणि त्यांना किती मिळणार, एवढं विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर दुसरा विक्रेता शोधावा. डहाणू-जव्हारकडचे कितीतरी चित्रकार आज स्वतः विकतात, फोनवर बोलतात, पार्सलही पाठवतात.