गोड वाईन आणि आमचे जाणकार

भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाने परवा निकाल देऊन टाकला: "गोड वाईन नवशिक्यांची. कळणारे ड्रायच पितात." ड्राय म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नसते ती. नाशिकच्या एका टेस्टिंग रूममध्ये त्याला कुणीतरी पेला गोल फिरवायला शिकवलंय. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू द्यावी की नाही यावर राज्यात रण पेटलं होतं, तेव्हा हाच गडी "वाईन म्हणजे दारूच" असे फॉरवर्ड पाठवत होता.

मी अकरा वर्षं फ्रान्समध्ये बोर्दोत राहते. इथून गाडीने पाऊण तासावर सोतेर्न, गोड वाईनचा मुलूख. थंड पाण्याची सिरों नदी तिथे गारोन नदीला मिळते आणि शरदात पहाटे बागांवर धुकं बसतं. त्या ओलीवर सेमियों जातीच्या द्राक्षघडांना करडी बुरशी लागते. दुपारी ऊन पडलं तर मण्यातलं पाणी उडून साखर नि आंबटपणा दाट होतो. नाही पडलं तर नुसतीच कुज, सगळा माल वाया. तोडणारे एकाच ओळीतून चार-पाचदा फिरतात, सुकलेले मणी तेवढे वेचतात. शातो दिकेम या तिथल्या नामांकित बागेला एका वेलीमागे जेमतेम एक पेला वाईन निघते. बोर्दोच्या वाइन्सच्या १८५५ च्या प्रतवारीत गोड वाइन्समध्ये सर्वांत वरची पायरी त्या एकट्याची. २०१२ चं पीक मनासारखं उतरलं नाही, तर त्या वर्षाची दिकेम त्यांनी काढलीच नाही. नवशिके म्हणे!

सोतेर्नमध्ये साखर लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम, तरी घोट गेल्यावर तोंड चिकट होत नाही. मागून आंबटपणा येतो आणि जीभ धुऊन नेतो. सोबत खारट रोकफोर चीज. पेरूला तिखटमीठ लावून खाणाऱ्यांना हे समजावून सांगायला लागू नये.

आता, इथेही ही बाटली नाताळात फ्वा ग्रा या बदकाच्या यकृताच्या पदार्थाबरोबर निघते आणि माझ्या ऑफिसातली पोरं अपेरोला, म्हणजे जेवणाआधीच्या पेयाला, स्प्रिट्झ हे सोडा घातलेलं कॉकटेलच घेतात. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

हेही नाही लिहिलं की सोतेर्नमध्ये तो केसाळ, तपकिरी घड पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. निफाडला आमची द्राक्षबाग. अवकाळी पाऊस झाला की नाना बॅटरी घेऊन रात्रीच बागेत शिरायचे. कुजके घड आम्ही पाट्या भरभरून बांधाबाहेर टाकायचो. अशाच एका वर्षी माझी कॉलेजची फी मामाने भरली.

मागच्या दिवाळीत सोतेर्नची अर्धी बाटली घरी नेली. नाना माळकरी, पिण्याचा प्रश्नच नव्हता. पण मी पेला पुढे केल्यावर त्यांनी नाकाशी धरला, बराच वेळ.

"बेदाण्याच्या शेडमध्ये गेल्यासारखं वाटतंय," म्हणाले.

मी अकरा वर्षं त्या वासाला जर्दाळू म्हणतेय.