चाळीस नावं आणि एक माणूस: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, ‘स्वयंसेवक शोधायला पोर्टल वापरा’ या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते थोडक्यात असं: नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या तुमच्या अभ्यासिकेसाठी पोर्टलवर मागणी टाकली, ४० नावं आली, व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकदम निरोप दिला, पहिल्या शनिवारी ६ जण उगवले आणि महिन्याभरानं एक उरला. दर्पण या सरकारी पोर्टलवर संस्थेची नोंद असून काही फरक पडला नाही. आलेल्यांना प्रमाणपत्राचीच घाई. वर नेटवरून आलेला अनोळखी माणूस मुलींमध्ये सोडायचा कसा? त्यापेक्षा ओळखीपाळखीतली माणसं बरी.

मुलींच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे आणि तो लेखात यायलाच हवा होता. त्याकडे येतोच. पण ४० चे ६ झाले ते पोर्टलच्या माथी मारता येणार नाही. नाव आणि नंबर तुमच्यापर्यंत आणून टाकला की पोर्टलचं काम संपतं. गळती त्यानंतरची आहे.

आधी दर्पणचं, कारण हा गैरसमज फार जणांचा असतो. नीती आयोगाचं दर्पण ही संस्थांची नोंदवही आहे. सरकारी अनुदानाच्या अर्जात तिथला क्रमांक लागतो. शनिवारी कुठे शिकवायला जाऊ म्हणून तिथे कुणी डोकावत नाही. केंद्र सरकारचं माय भारत हे पोर्टल वेगळं. ते ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं आणि १५ ते २९ वयाच्या तरुणांसाठी आहे. म्हणजे तिथून कॉलेजची मुलं मिळतील. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनी), रेल्वे, बँका यांतून निवृत्त झालेली मंडळी नागपुरात कमी नाहीत, पण ती तिथे सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिक मंडळं आणि ले-आउटांचे, म्हणजे वसाहतींचे, व्हॉट्सॲप ग्रुप. आणि वर्षभर न चुकता गणित शिकवणारा माणूस बहुधा त्याच वयाचा निघतो, हे माझं मत.

आता तुमची मागणी. ‘गरजू मुलांना शिकवण्यासाठी स्वयंसेवक हवेत. समाजासाठी थोडा वेळ द्या.’ हे वाचून हळहळ वाटते, पण डायरीत काय लिहायचं ते कळत नाही. कोणता वार, किती वाजता, कोणता विषय, किती दिवस, यातलं काहीच नाही. असं लिहून पाहा: ‘सातवी-आठवीच्या १२ मुलांना मराठीतून गणित. दर शनिवारी ४ ते ५.३०, सलग ८ शनिवार. लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनपासून पायी इतकी मिनिटं. पुस्तकं आम्ही देऊ. अनुभव नको, पण अपूर्णांक आणि बीजगणित स्वतःला यायला हवं. दोघेच हवेत.’ नावं ४० ऐवजी ९ येतील, तर येऊ द्या. ‘दोघेच’ हा शब्द मुद्दाम आहे. ‘जितके येतील तितके’ असं लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, आपण नाही गेलो तरी चालतंय. आठ शनिवारांची हद्दही तशीच मुद्दाम. बेमुदत कामातून माणूस गुपचूप गळतो. मुदत असली की ती संपल्यावर पुढचे आठ शनिवार मागता येतात.

मग निरोप. ‘सगळ्यांना एकदम’ म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवला असेल, तर बहुतेकांना तो मिळालेलाच नाही. ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच तो निरोप पोचतो. पोर्टलवरून आलेल्या अनोळखी माणसाकडे तुमचा नंबर कशाला सेव्ह असेल? साधा ग्रुप केला तर उलटी अडचण, ४० जणांचे नंबर एकमेकांना दिसतात. त्यात मुली असतात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी विम्याची जाहिरात टाकतो. त्यातल्या त्यात व्हॉट्सॲप कम्युनिटीचा घोषणांचा ग्रुप बरा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण पहिला संपर्क मात्र फोननंच व्हावा. नाव आल्यापासून ४८ तासांच्या आत, पाच-सात मिनिटं. रविवारी रात्री उत्साहात नाव दिलेला माणूस पुढच्या गुरुवारपर्यंत कशात नाव दिलं होतं तेच विसरलेला असतो. फोनवर तीनच गोष्टी: कुठल्या भागातून येणार, सलग आठ शनिवार मोकळे आहेत का, आणि एक शनिवार नुसती अभ्यासिका बघायला याल का. तिसऱ्या प्रश्नाला ‘बघतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आदल्या गुरुवारी एक आठवण, शनिवारी सकाळी दुसरी, लोकेशनसकट.

फॉर्ममध्ये आधार क्रमांक मागू नका. गूगल फॉर्मची उत्तरं ज्या शीटमध्ये जातात ती ‘लिंक असेल त्या कुणालाही’ अशी उघडी ठेवण्याची चूक सर्रास होते आणि मग सगळ्यांचे कागद गावभर. ओळखपत्र समक्ष बघायचं. नाव, फोन, भाग, वार, येणारे विषय एवढं पुरतं. एक रकाना मात्र वाढवा: दुचाकी किंवा चारचाकी आहे का. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, तशा सकाळी भाग आणि गाडी लिहिलेली यादी हाताशी असली तर कामाची; नवा फॉर्म भरून घ्यायला तेव्हा कुणाला वेळ नसतो.

पहिल्या दिवसाबद्दल थोडक्यात: दारात नाव घेऊन बोलावणारा एक माणूस हवा आणि हातात द्यायला काम हवं. पाऊण तास संस्थेचा इतिहास, मग चहा, मग फोटो, असा शनिवार गेला की पुढचा येत नाही.

प्रमाणपत्राचा तुम्हाला राग आहे, मला नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास भरायचे असतात, तो कागद मागणारच. द्या, पण ८ पैकी किमान ६ शनिवार झाल्यावर, आणि त्यावर तारखा व तास लिहून. हजेरीचं रजिस्टर तुमच्याकडे राहू द्या. संस्थेला न विचारता परस्पर तास जमा करणारं पोर्टल असेल, तर तिथून नाव काढून घ्या.

आता मुली. त्यांना शिकवण्याचं काम पोर्टलवरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी द्यायचंच नाही. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि ओळखीच्या दोघांचे फोन, हे हातात आल्याशिवाय वर्गात प्रवेश नाही. दाखल्याला वेळ लागतो, तोवर ग्रंथालयाची पुस्तकं नोंदवणं, हिशेबाच्या पावत्या एक्सेलमध्ये भरणं, पत्रकाचं मुद्रितशोधन अशी कामं द्या. यातली निम्मी घरबसल्या होतात. नंतरही वर्गात नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, स्वयंसेवकाचा मोबाइल बाहेरच्या टेबलावर. वसतिगृह किंवा बालगृह चालवणाऱ्यांनी तर सेल्फीवर पूर्ण बंदी घालावी. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली अशा मुलांची ओळख उघड करणारा फोटो छापणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फेसबुकवर टाकला म्हणून कायदा सोडत नाही. आणि हे सगळं ओळखीतून आलेल्यालाही लावा. ओळखीच्या माणसाला दाखला मागायची आपल्याला लाज वाटते, हीच ओळखीपाळखीच्या पद्धतीतली खोट आहे.

मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीचे ३० कर्मचारी एका शनिवारी पाठवतो म्हणतात, घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. रंगकाम किंवा पुस्तकांना कव्हर घालणं असेल तर घ्या, शिकवायला नको. त्यामागून सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी येईल हे गृहीत धरू नका. कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ पैशात मोजून सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ सालीच केला आहे. रंग आणि ब्रश कोण आणणार, ते आधी ईमेलवर लिहून घ्या.

राहिली तुमच्या यादीतली ३४ नावं. ती फेकू नका. रोज पाच फोन, आठवड्यात संपतात. ‘मागे निरोप पोचला नसावा’ एवढंच म्हणून आठ शनिवारांचं काम सांगायचं. फक्त मार्चमध्ये करू नका. पोरं परीक्षेत असतात आणि बँकवाले वर्षअखेरीत. मेमध्ये दुपारी चारचा वर्गही नको, सकाळी सात ते साडेआठ ठेवा. जुलै बरा.