जुना धक्का बदलावा, पण पाण्याखाली बघू नये

तुमच्या ताब्यात पन्नास-साठ वर्षांचा प्रवासी धक्का असेल आणि त्याच्या जागी नवं क्रूझ टर्मिनल उभारायचा विचार तुमच्या मनात आला असेल (किंवा वरून आला असेल), तर आधी अभिनंदन. पहिलं काम चित्राचं. छप्पर लाटेसारखं काढा. लाटेसारखं छप्पर नसलेलं क्रूझ टर्मिनल मंजूर झाल्याचं ऐकिवात नाही. पाणी निळंशार दाखवा. मुंबई बंदराचं पाणी गाळामुळे तपकिरी असतं हे खरं, पण चित्रात गाळ साचत नाही आणि चित्राचं ड्रेजिंगही, म्हणजे गाळ उपसणंही, करावं लागत नाही.

आता जुन्या धक्क्याची तपासणी. ती भरतीच्या वेळी करा आणि वरूनच करा. वरून बघितलं तर फरसबंदी असते, पिवळे पट्टे असतात, झाडाची कुंडीही असते. खाली होडी घालून ओहोटीला बघायला गेलात तर तुळयांच्या बुडाला पोपडे दिसतील, सळया उघड्या पडलेल्या दिसतील, आणि मग अहवालात ते लिहावं लागेल. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. हे सगळं सर्वात जास्त होतं ते भरती-ओहोटीच्या आणि तुषारांच्या पट्ट्यात, कारण तिथे मीठही भरपूर आणि हवाही भरपूर. पोलादी पाईल (तळात खोल रोवलेले खांब) किंवा शीट-पाईल (एकमेकांत अडकवून ठोकलेल्या पोलादी पत्र्यांची भिंत) असतील तर आणखी खाली, अगदी नीचतम ओहोटीच्या रेषेलगत, जिवाणूंमुळे होणारी वेगळीच गंज असते. नारिंगी डाग दिसतो, तो खरवडला की खाली चकचकीत पोलाद आणि मधे खड्डा. वर्षाला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाडी त्यात जाते. पाणबुड्याला जाडी मोजायला खाली पाठवला तर ते कळतं. म्हणून पाठवू नये.

कुणी फारच आग्रह धरला तर हाफ-सेल चाचणी (विद्युत विभव मोजून सळईच्या गंजाचा अंदाज घेणारी) करा, पण आकडे परिशिष्टात टाका. तांबं-कॉपर सल्फेटच्या विद्युदग्राने मोजलेलं विभव उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त, असा संकेत आहे. परिशिष्ट कुणी वाचत नाही. मुख्य अहवालात "किरकोळ डागडुजी आवश्यक" एवढं पुरे. डागडुजी म्हणजे सुटलेलं काँक्रीट काढून तिथे नवा मसाला थापायचा. याचा एक फायदा असा की जुनी गंजकी जागा बंद झाली की गंजण्याचं काम शेजारच्या खारट काँक्रीटमधली सळई हाती घेते, आणि दोन-तीन वर्षांत ठिगळाच्या कडेकडेने नवे पोपडे सुटतात. म्हणजे पुढचं टेंडर तयार. कॅथोडिक संरक्षणाने (सळयांना बारीकसा वीजप्रवाह देऊन) हे थांबवता येतं, पण त्यात फीत कापण्याजोगं काही नसतं.

जमिनीची चाचणी काटकसरीने उरका. दोन बोअर घ्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मधली खडकाची रेघ पट्टीने ओढा. मुंबईच्या किनाऱ्याखाली मऊ सागरी चिखल आणि त्याखाली झिजलेला खडक असतो. तो खडक पट्टी बघून घडलेला नाही. पाईल घालताना एका जागी खडक तीन मीटर वर लागतो, दुसऱ्या जागी तीन मीटर खाली. मग लायनर (पाईलभोवतीची पोलादी नळी) अपुरा पडतो, सॉकेटची, म्हणजे खडकात रुतणाऱ्या भागाची, खोली वाढते, सळयांचा पिंजरा जोडावा लागतो, आणि ठेकेदाराचं जादा कामाचं पत्र येतं. ते पत्र आधीच टाइप केलेलं असतं. दर 25-30 मीटरला बोअर घेतला असता तर ते आलं नसतं, पण त्या पैशात स्वागतकक्षाचं झुंबर बसतं.

खोलीबद्दल. चित्रातलं जहाज 300 मीटरचं, तर त्याला पाणी हवं. यावर उपाय एकच: धक्क्याला चिकटून खोदा. जुनी दगडी किंवा काँक्रीटची वजनदार भिंत उभी असते ती स्वतःच्या वजनावर आणि पायाशी पुढे दाबून धरलेल्या मातीच्या जोरावर. ती माती तुम्ही ड्रेजरने उचललीत की भिंतीला समुद्र जवळून बघायची इच्छा होते. आधी वरच्या फरसबंदीत धक्क्याला समांतर लांब चीर पडते, मग क्रेनचे रूळ वाकतात. चिरेत डांबर भरा. उरलेलं काम जहाजच करतं. आजची क्रूझ जहाजं बो-थ्रस्टर (जहाजाच्या नाळेतले आडवे पंखे) आणि फिरत्या प्रोपेलरच्या जोरावर टगशिवाय, म्हणजे ओढबोटीशिवाय, आडवी सरकतात, आणि त्या पाण्याचा झोत थेट भिंतीच्या पायावर बसतो. खाली दगडांचा थर किंवा काँक्रीटच्या गाद्या अंथरल्या तर तळ टिकतो. पण गाद्या अंथरायच्या म्हणजे अर्धा-पाऊण मीटर आणखी खोल जायचं, म्हणजे पुन्हा भिंतीचा पाया. हे चक्र लक्षात आलं की माणूस जुन्या भिंतीच्या पुढे स्वतंत्र पाईलवर नवा धक्का बांधतो. तुम्ही इतक्यात त्या निष्कर्षाला येऊ नका, सल्लागाराचा दुसरा टप्पा अजून बाकी आहे.

बोलार्ड, म्हणजे जहाजाचे दोर बांधायचे खुंट, रंगवून घ्या. मालवाहू जहाज वजनाने ओढतं, क्रूझ जहाज वाऱ्याने. 300 मीटर लांब आणि पाण्यावर सरासरी 40 मीटर उंच अशी बाजू म्हणजे 12,000 चौरस मीटरची भिंत. ताशी 54 किलोमीटरचा वारा आडवा लागला की तिच्यावर सुमारे 160 टनांचा जोर येतो. वारा दुप्पट झाला तर चौपट, 640 टन. मार्च-एप्रिलच्या दुपारी सुटणारा वायव्येचा वारा आणि पावसाळ्याआधीच्या वावटळी टेंडरच्या अटी वाचून येत नाहीत. जुन्या बोलार्डवर काय कोरलंय ते बघू नये. तो 30 टनांचा असला तरी नवा काळा-पिवळा रंग दिल्यावर 100 टनांचा दिसतो. खरी गंमत त्याच्या खाली असते: बोलार्ड बदलता येतो, पण ज्या तुळईत त्याचे बोल्ट रुतलेत ती तुळई वरच्या पोपड्यांच्या परिच्छेदातलीच असते.

फेंडरचं, म्हणजे जहाज आणि धक्का यांच्यामधल्या रबरी गादीचं, तेच. जहाजाचा पत्रा पातळ आणि सपाट, त्यामुळे फेंडरला रुंद पाट्या लागतात, नाहीतर रंग जातो आणि पत्र्याला पोचे पडतात. शिवाय कप्तान जिथून जहाज चालवतो त्या ब्रिजचे पंख जहाजाच्या बाजूबाहेर डोकावतात. फेंडर जाडीने कमी घेतला तर ते पंख तुमच्या नव्याकोऱ्या दिव्याच्या खांबाशी ओळख करून घेतील. म्हणून दिव्याचे खांब अगदी कडेला लावावेत.

आता भरती. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार ते पाच मीटर वरखाली होतं, दिवसातून दोनदा. इंग्रजांनी 1914 साली सुरू केलेल्या अलेक्झांड्रा गोदीला, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीला, दरवाजे लावले ते याचसाठी: आत पाणी अडवायचं म्हणजे जहाज जागेवर राहतं. पण ते दरवाजे तीस मीटरच्या आसपास रुंद, आजची मोठी जहाजं त्यातून मावत नाहीत. म्हणून क्रूझ जहाज बाहेर, बॅलार्ड पिअरला, उघड्या भरती-ओहोटीत लागतं. तुम्ही मात्र विमानतळावरची काचेची नळी बघून आला आहात. विमानाचा दरवाजा ठरलेल्या उंचीवर असतो. जहाजाचा दरवाजा प्रत्येक जहाजाला वेगळ्या मजल्यावर, वेगळ्या अंतरावर, आणि सकाळी एका उंचीवर तर दुपारी पाच मीटर खाली. चाकाच्या खुर्चीला चालेल असा 1:12 चा उतार ठेवायचा तर पाच मीटरला 60 मीटरचा रॅम्प झाला. रुळांवर पुढेमागे सरकणारा, उंची बदलणारा मनोरा घेतला तर निभतं, पण त्याला रोज ग्रीस लागतं, लिमिट-स्विच (ठरलेल्या टोकाला थांबवणारे) लागतात, चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो. अलास्कातल्या स्यूअर्डमध्ये 1964 च्या भूकंपानंतर बांधलेला रेल्वेचा धक्का म्हातारा झाला, तेव्हा बदली म्हणून तरंगता धक्का निवडला गेला. जहाज वर गेलं की धक्काही वर. असल्या सोप्या गोष्टी अभ्यासदौऱ्यात बघाव्यात, अहवालात आणू नयेत. तुम्ही काचेची नळी एकाच उंचीवर बसवा. ओहोटी उतरली की प्रवासी जहाजाच्या स्वतःच्या शिडीने चढतील आणि नळीत फोटो काढतील.

इमारतीकडे वळू, जिथे तुमचा जीव रमतो. क्षमता नेहमी वार्षिक सांगावी. मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलची पायाभरणी जानेवारी 2018 मध्ये झाली आणि उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये. वर्षाला 10 लाख प्रवासी, एकावेळी 5 जहाजं, तपासणीचे 72 काउंटर असे आकडे तेव्हा जाहीर झाले. तुम्हीही 10 लाख सांगा. भागिले 365, म्हणजे दिवसाला 2,740, कसं सुटसुटीत वाटतं. पण हंगाम असतो ऑक्टोबर ते मे, त्यातही सहली शुक्रवारी सुटतात आणि सोमवारी परततात, आणि जहाज सरासरी प्रवासी घेऊन येत नाही, सगळे एकदम घेऊन येतं. 2,000 जण उतरणार, 2,000 चढणार, ते सकाळी सहा ते संध्याकाळी पाच यांच्या आत. माणशी दोन बॅगा धरल्या तर 8,000 बॅगा. उतरलेल्या 4,000 बॅगा रंगीत टॅगनुसार ओळीने जमिनीवर मांडाव्या लागतात, चालायच्या वाटेसह बॅगेमागे अर्धा चौरस मीटर, म्हणजे 2,000 चौरस मीटर सपाट, खांब नसलेली जागा. त्यात कस्टम झालेल्या आणि न झालेल्या बॅगांची भेट होता कामा नये. नेमकी हीच जागा तुम्ही फूड कोर्टला दिली आहे. असू दे. बॅगा फूटपाथवर मांडा. पावसाचं काय, पाऊस हंगामात नसतो. मे अखेरचा वळीव सोडून.

काउंटर भरपूर काढा, खुर्च्यांत माणसं बसवण्याचा विषय काढू नका, ते दुसऱ्या खात्याचं. 2,000 प्रवासी, प्रत्येकी दोन मिनिटं. 40 खिडक्या उघड्या असतील तर 100 मिनिटांत मोकळे. 10 उघड्या असतील तर 6 तास 40 मिनिटं. मुंबई-गोवा-लक्षद्वीप फेरीला पासपोर्टवर शिक्का लागत नाही, त्या दिवशी प्रश्न नाही, त्या दिवशीचेच फोटो काढून ठेवा.

वीज. किनाऱ्यावरून जहाजाला वीज देणार, इंजिनं बंद, धूर बंद, असं घोषणेत नक्की घाला. मोठं क्रूझ जहाज धक्क्याला उभं असताना 8 ते 12 मेगावॅट खातं, 6.6 किंवा 11 किलोव्होल्टला, आणि बहुतेक जहाजं 60 हर्ट्झवर चालतात. आपली वीज 50 हर्ट्झची. म्हणजे फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर हवा, त्याला वेगळी खोली, थंडावा, स्वतंत्र फीडर आणि वीज कंपनीकडून मागणीची मंजुरी. त्याऐवजी तुम्ही फक्त पाईप पुरून ठेवा, "भविष्यातील तरतूद" म्हणून. पाईपात दोरी घालून ठेवायला विसरा आणि तोंडं उघडी सोडा. दोन पावसाळ्यांत ते गाळाने भरतात आणि भविष्य आलं की फरसबंदी पुन्हा खोदता येते.

बांधकाम कधी करायचं, हा प्रश्न फार सोपा आहे. मुंबईत समुद्रातलं काम ऑक्टोबर ते मे करता येतं, कारण पावसाळ्यात बार्ज (कामाची सपाट तळाची बोट) उभा राहत नाही. क्रूझ जहाजं येतात कधी? ऑक्टोबर ते मे. पाईलिंगचा रिग आणि जहाज एकाच धक्क्यावर हवेत, एकाच महिन्यात. शहाणे लोक आधी शेजारी तात्पुरता धक्का उभारतात, मग जुना अर्ध्या-अर्ध्या लांबीने मोडतात. तुम्ही आधी जुनं सगळं पाडा, मोकळ्या जागेचा ड्रोन-फोटो छान येतो, आणि जहाज कंपन्यांना पुढच्या हंगामाची तारीख द्या. या कंपन्या आपली वेळापत्रकं दीड-दोन वर्षं आधी विकतात, त्यामुळे तारीख हुकली तर त्या एक हंगाम नाही, दोन हंगाम कोचीला किंवा गोव्याला जातात.

प्रवासी बाहेर पडल्यावर काय, हे बंदराच्या हद्दीबाहेर आहे. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटायची, बोटीतून उतरलेला माणूस सामानासह थेट डब्यात. आता सीएसएमटी जवळच आहे, टॅक्सीवाले आहेत, आणि एकाच वेळी टॅक्सी शोधणारी 2,000 माणसंही आहेत. बसचा वळणमार्ग आखताना त्रिज्या कमी ठेवा, कुंड्या जास्त बसतील.

उद्घाटनाचं जहाज मात्र जपून निवडा. लहान, कमी ड्राफ्टचं (पाण्यात कमी बुडणारं), आणि भरतीचं कोष्टक बघून मुहूर्त ठरवा. पाणी माथ्यावर असताना तुळया दिसत नाहीत आणि नळी बरोबर दरवाज्याला भिडते. भाषण लांबलं तर नळीतून जहाजात नेणाऱ्या पुलाचा उतार बदलायला लागतो, तेव्हा सूत्रसंचालकाच्या हाती भरतीची वेळ लिहून द्या. कोनशिलेच्या बाबतीत तडजोड नको. ग्रॅनाइट घ्या, अक्षरं खोल कोरून घ्या. पितळी अक्षरं लोखंडी स्क्रूने बसवली तर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या संगतीने स्क्रू आधी गंजतात आणि मान्यवरांची आडनावं गळून पडतात. स्क्रू लागलेच तर 316 दर्जाचं स्टेनलेस वापरा, मधे नायलॉनचा वॉशर घाला, आणि दर पावसाळ्याआधी एक माणूस पाठवून तपासून घ्या.