खुलासा: बायबलने लाचेला परवानगी दिलेली नाही

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातलं १७:८ (अध्याय १७, वचन ८) हे एकच वचन उचलून ‘बायबलला लाच चालते’ असा मेसेज फिरतोय. वचन आहे, नाही असं नाही. देणाऱ्याच्या नजरेत लाच म्हणजे जणू जादूचा खडा, जिकडे वळेल तिकडे काम फत्ते, असा त्याचा आशय. पण ‘देणाऱ्याच्या नजरेत’ हेच मेसेजमधून नेमकं गळालंय. जगात काय चालतं ते तिथे सांगितलंय, काय चालावं ते नव्हे. त्याच अध्यायात जरा खाली, १७:२३ मध्ये, न्याय वाकवायला छातीशी लपवलेली लाच घेणाऱ्याला सरळ दुर्जन म्हटलंय. मूळ हिब्रूत दोन्हीकडे शब्द एकच, ‘शोहद’. म्हणजे ‘ती भेट, ही लाच’ ही पळवाटही गेली.

नियमच हवा असेल तर बायबलमधल्याच ‘निर्गम’ या पुस्तकातलं २३:८ वाचा: लाच घेऊ नको, ती डोळसाला आंधळं करते. त्याच्या लगेच वरचं वचन निरपराध्याला मारू नको असं बजावतं. हा शेजार मला तरी योगायोग वाटत नाही, कारण ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, २७:२५ मध्ये, दोन्ही गोष्टी एकत्रच येतात: निर्दोषाचा जीव घ्यायला लाच घेणारा शापित, आणि त्यावर सगळ्या लोकांनी ‘आमेन’ (तसंच होवो) म्हणायचं.