जास्तीचा ओ

ऑफिसचं आयकार्ड हरवलं. बसमध्ये की चहाच्या टपरीवर, देव जाणे. पण एचआरला अर्ज इंग्रजीतच हवा, तोही टाइप करून, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

पोराने टायपलं, 'आय मिस्ड माय आयकार्ड'. माझ्यामागे हयातीचा दाखला छातीशी धरून एक आजोबा उभे होते, ते लगेच पुढे वाकले. "मिस्ड म्हणजे आठवण येते. येते का तुम्हाला कार्डाची आठवण?" म्हटलं येते ना, नव्याचे 300 रुपये कापतात. "लूझ लिही रे." पोराने दोन ओ ठोकले. आजोबा कळवळले. "अरे, हे ढिलं झालं! नट लूज, पॅन्ट लूज, मोशन लूज. हरवलं त्याला एकच ओ. आणि भूतकाळ आहे, लॉस्ट लिही!"

मागे लाइन वाढतेय, आजोबांना फिकीर नाही. वेट लूझ होतं, टेम्पर लूझ होतो, इंटरेस्ट लूझ होतो, फेस लूझ होतो... "म्हणजे तोंड हरवतं?" पोरगं. "नाही रे, नाक कापलं जातं." आणि 2023 ची वर्ल्डकप फायनल आपण ऑस्ट्रेलियाकडून हरलो तरी लॉस्ट फ्रॉम ऑस्ट्रेलिया म्हणायचं नाही म्हणे, लॉस्ट टू. का, ते मी विचारलं नाही, ती जखम अजून ओली आहे.

मला तर इंग्रजीचीच कीव आली. आपल्याकडे वस्तू हरवते, मॅच हरतो, नोकरी जाते, वाट चुकते, पैसे बुडतात, झोप उडते, धीर सुटतो, प्रत्येक नुकसानीला वेगळं क्रियापद (अनुभव दांडगा!). त्यांचा बिचारा एकच लूझ सगळीकडे राबतोय. आणि असल्या भाषेत मी अर्ज का करायचा? एचआरच्या मॅडम माझ्याशी मराठीत बोलतात, डब्यात शेपूची भाजी आणतात, पण 'आयकार्ड हरवलं' एवढं वाचायला त्यांना इंग्रजी लागतं. विनोद राहू दे, याचा खरंच राग येतो.

टायपिंगचे 40, प्रिंटचे 10, व्याकरण फुकट. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मॅडमचं उत्तर आलं, 'सॉरी फॉर युवर लॉस'. अर्ज उघडून बघतोय कोण! दुपारपर्यंत खाली अकरा जणांनी हात जोडलेले, अकाउंट्सच्या एकाने तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. 300 कापणार ते वेगळेच.