सहा नंबरचा फॉर्म

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आमच्या ज्युनिअर कॉलेजात मास्तरला चहा दोनच प्रसंगी मिळतो. एक निवृत्तीच्या दिवशी, दुसरा गळ्यात काहीतरी मारायचं असेल तेव्हा. माझ्या निवृत्तीला अजून अकरा वर्षं होती.

"माने सर, मतदार साक्षरता मंडळ तुमच्याकडे. नोडल अधिकारी."

"सर, पण मी मराठी शिकवतो."

"म्हणूनच. सायन्सवाल्यांना वेळ नसतो."

नोडल म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. वरून आलेला प्रत्येक मेल ज्याच्याकडे ढकलता येतो तो नोडल, हे पुढं कळलं. काम ऐकायला सोपं होतं. सतरा पूर्ण झालेल्या प्रत्येक पोराकडून नमुना ६, म्हणजे सहा नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच यादीत नाव लागायचं. २ जानेवारीला जन्मलेला बिचारा वर्षभर लटकायचा. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांची १ तारीख धरतात, आणि सतरा संपले की आगाऊ अर्जही करता येतो. मला ही सोय मनापासून आवडली. माझा स्वतःचा वाढदिवस १ जून. आमच्या गावच्या गुरुजींनी पहिलीत आलेल्या आम्हा तेवीस पोरांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. त्यामुळे तारखांच्या बाबतीत सरकारनं मोठं मन ठेवावं, असं मला लहानपणापासून वाटतं.

पहिलं व्याख्यान बारावीला. पटावर एकशे दहा, समोर एकोणीस. बारावी सायन्सची पोरं कॉलेजात फक्त पटावर असतात, देह सीईटीच्या क्लासला असतो. तरी मी तयारीनं गेलो होतो. मताचं वय एकवीसवरून अठरावर आलं ते १९८९ मध्ये, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं, असं सांगितलं. लगेच एकानं लग्नाचं वय मुलांना अजून एकवीसच असल्याची आठवण करून दिली. हे वाक्य सांगितलं की हा विनोद येतोच. मीही कॉलेजात केला होता. तेव्हाही कुणी हसलं नव्हतं.

मग हिमाचल प्रदेशातल्या किन्नौरच्या कल्पा गावातल्या श्यामसरण नेगींची गोष्ट काढली. बाकी देशातलं बहुतेक मतदान १९५२ च्या सुरुवातीला झालं, पण तिथं बर्फानं वाटा बंद व्हायच्या आत उरकायचं म्हणून २५ ऑक्टोबर १९५१ ला घेतलं. नेगींनी त्या दिवशी मत दिलं आणि स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून त्यांची ओळख झाली. २०२२ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी ते वारले. त्याच्या तीनच दिवस आधी त्यांनी टपालानं शेवटचं मत दिलं होतं. "आणि बरं का," मी म्हणालो, "ते शाळामास्तर होते. त्या दिवशी त्यांनाही निवडणुकीची ड्युटी होती." इथं माझा आवाज जरा दाटला. मुलांना वाटलं देशभक्तीनं.

वर्ग थोडा हलला होता. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी उत्साहाच्या भरात खिशातून स्वतःचं मतदार ओळखपत्र काढून पहिल्या बाकावर दिलं. ते बाकाबाकावरून मागं सरकत गेलं आणि त्याच्यामागून खसखस सरकत गेली. त्या फोटोत माझा चेहरा नुकतंच घर फोडताना सापडल्यासारखा आहे. शिवाय आडनाव 'मने' असं छापलंय. काना कुठं गेला, देव जाणे. निवडणुकीच्या आधी चिठ्ठ्या वाटणारी पोरंसुद्धा दारात येऊन "मने सर आहेत का?" असं विचारतात.

"सर, आमचा पण असाच फोटो येणार?" एका मुलीनं विचारलं. आवाजात खरी भीती होती.

एकोणीस फॉर्म वाटले, दोन परत आले. तरुण पिढीला लोकशाहीबद्दल आस्था नाही, असं वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतं. मी तर सांगतो, आस्था आहे, फोटो नको आहे.

२५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन. निवडणूक आयोग १९५० मध्ये याच तारखेला स्थापन झाला. आम्ही रांगोळी स्पर्धा घेतली, घोषवाक्यं लिहून घेतली, "आम्ही, भारताचे नागरिक" अशी शपथ घेतली. मैदान भरलं. जिओ टॅगसकट फोटो वर गेले. संध्याकाळी लक्षात आलं की आलेली झाडून सगळी पोरं अकरावीची, सोळा वर्षांची होती. ज्यांना अर्जच करता येत नाही, त्यांनी बोटावर शाई लावलेल्या हाताच्या तेरा रांगोळ्या काढल्या होत्या.

शेवटी फिजिक्सचे सर मदतीला धावले. "प्रॅक्टिकलच्या आधी जर्नलवर सही घ्यायला सगळे येतात. सही पाहिजे तर फॉर्म भरा म्हणायचं." मी म्हणालो, छे, हे स्वेच्छेनं व्हायला हवं, लोकशाही म्हणजे सक्ती नव्हे. माझं हे तत्त्व दुपारी साडेतीनपर्यंत टिकलं.

फॉर्म आले खरे. पण त्यावर खाली प्रतिज्ञापत्र असतं. खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पोरं सीईटीमुळे बारीक अक्षर वाचायला शिकलीत. एकाची जन्मतारीख आधारवर वेगळी आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगळी. तो घाबरून म्हणाला, "सर, यातली खोटी कुठली ते आईला विचारून येतो." अजून आलेला नाही.

गठ्ठा घेऊन बीएलओ, म्हणजे आमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या ताईंकडे गेलो. त्या अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं, पोषण आहार, रजिस्टरं, आणि उरलेल्या वेळात मतदार यादी. त्यांनी चष्मा लावून फॉर्म चाळले. "सर, नातेवाईकाच्या रकान्यात सात जणांनी स्वतःचंच नाव लिहिलंय. आणि या पोरीनं फोटो लावलाय त्यात तिला मांजराचे कान आहेत."

आणि मग एके दिवशी मागच्या बाकावरच्या, वर्षभर तोंड न उघडलेल्या एका पोरानं अकरा फॉर्म आणून टेबलावर ठेवले. स्वच्छ अक्षर, पुरावे टाचलेले, फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचे, एकही खाडाखोड नाही.

"हे कुणी भरून घेतले रे?"

"चुलता उभा राहणाराय ग्रामपंचायतीला. काल वस्तीवरची सगळी पोरं बसवली. मिसळ होती."

विधानसभेचीच यादी ग्रामपंचायतीला फोडून वापरतात, हे त्याच्या चुलत्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माझं व्याख्यान, नेगी, तेरा रांगोळ्या एकीकडे आणि एक पातेलं कट एकीकडे. अकरातले सहा आमच्याच कॉलेजचे निघाले. मी ते सहा अहवालात 'व्यापक जनजागृतीमुळे' या शीर्षकाखाली दाखवले.

ऋतुजा काळेचा फॉर्म मात्र अडला होता. आईचा फोन आला. "सर, दोन-तीन वर्षांत तिचं लग्न होईल. मग नाव बदला, पत्ता बदला. त्यापेक्षा सासरीच काढू की एकदम." मी म्हणालो, आठ नंबरचा फॉर्म असतो, त्यानं नंतर सगळं बदलता येतं. बोलून गेलो आणि वाटलं, आपण जणू लग्नाची बोलणीच पुढं नेतोय. तेवढ्यात फोनमध्ये मागून आवाज आला, "सर, माझा फॉर्म ठेवा. मी उद्या येते." आली. दहावीचं सर्टिफिकेट, वडिलांच्या नावचं लाइटचं बिल, सगळं घेऊन आली आणि जर्नलवर आधीच सही झालेली असूनही फॉर्म भरून गेली. माझ्या आयुष्यातला हा एकमेव बिनसक्तीचा, बिनमिसळीचा अर्ज.

तिचं कार्ड टपालानं आलं तोवर बारावी संपली होती. दाखला न्यायला आली तेव्हा तिनं ते माझ्यापुढं धरलं. फोटो माझ्याहून वाईट. नाव 'रुतुजा काले'.

"फोटोचं जाऊ दे सर. पण काले? आठ नंबरचा फॉर्म द्या."

मी कपाटातून एक काढला. मग, का कोण जाणे, दुसराही काढला. इतकी वर्षं मने म्हणून मत देत आलो, कधी दुरुस्तीला गेलो नाही, आणि पोरांना मात्र हक्क शिकवत फिरलो. दोघं एकाच बाकावर बसून लिहायला लागलो. तिचं आधी झालं. तिनं माझ्या कागदावर डोकावून पाहिलं आणि जरा घुटमळली.

"सर," ती हळूच म्हणाली, "काना राहिला."